कसर

गाइमानमध्ये वारा पडतो तो मध्यरात्र उलटल्यावर.
तोवर दुर्बीण लोकरीच्या कोठारात,
तोंडाला शॉवर कॅप चढवून उभी.

नळी काँक्रीट ओतायच्या पुठ्ठ्याची,
बैठक मोडक्या पलंगाच्या फळ्यांची,
आणि आरसा नावेलने स्वतः घासलेला:
काचेवर काच, मध्ये ओली भुकटी,
पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत
घाण्याच्या बैलासारखा
अख्खा हिवाळा.
शेवटी दाढीचं पातं आणि एक बल्ब घेऊन
सावली तपासली, म्हणाला,
"कडेला जरा उतरलाय."
"एकाहत्तराव्या वर्षी कोण उतरत नाही,"
एल्युनेदबाई म्हणाल्या, आणि माते पुढे केलं.

नकाशा त्यांच्या वडिलांचा.
इड्रिस प्यू, स्टेशनातल्या तारयंत्रावरचे.
रेल्वे बंद पडली त्या दिवशी त्यांनी घरी आणलं
भिंतीवरचं घड्याळ,
आणि कोणीतरी कधीतरी फलाटावर विसरलेला
हा घडीचा नकाशा,
ज्याची चौकशी करणारी तार कधीच आली नाही.

छापलेला उत्तरेत. म्हणून त्यातला शिकारी
नीट पायांवर उभा.
(आपण त्याच चांदण्यांना मृग म्हणतो.
शिकार कोण, शिकारी कोण,
आभाळाला काय त्याचं.)
इथे मात्र तो डोकं खाली करून लटकतो,
तेव्हा वडिलांनी समासात पेन्सिलीने लिहिलं: "वर"
आणि बाण काढला खाली.

दक्षिणेकडे त्रिशंकूच्या जागी क्रूस आहे.
नावेलची आजी त्याला पाऊल म्हणायची,
चोइके पक्ष्याचं,
जो शिकाऱ्यांच्या हाती न लागता
वर पळाला.
हे नकाशात नाही. नावेलने लिहूही दिलं नाही.
"कागदावर उमटलं की सापडेल तो."

आणि वासुकीच्या अंगाखाली
एक मांजर.
पाठ वाकवलेली, मिश्यांसकट.
कोणा ज्योतिषाला मांजरं आवडायची म्हणे,
त्याने चार अंधूक तारे धरून बसवली.
पुढे कुठल्याशा बैठकीत आभाळाच्या हद्दी आखल्या,
तेव्हा मांजराचा सातबारा निघाला नाही.

त्या मांजराच्या पोटात एक काळा ठिपका होता.
गोल. ठसठशीत. नाव नसलेला.
नावेलच्या कुठल्याच यादीत तो तारा नव्हता.
"बाबांनी काहीतरी पाहिलं असणार,"
बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज
नऊ वर्षांच्या मुलीचा झाला.

तीन रात्री.
एप्रिलची थंडी, पिवळे पॉप्लर काळे झालेले,
शिडीवर बाई, खाली नावेल नळी सांभाळत:
थोडं डावीकडे, नाही, दुसरं डावीकडे,
आरशात सगळं उलटं,
नकाशात सगळं उलटं,
दोन उलट्यांचं मिळून सुलटं होत नाही,
हे त्या दोघांना तिसऱ्या रात्री कळलं.

मग नावेलने लाल कागद लावलेली बॅटरी
चुकून नकाशाच्या मागे धरली
आणि ठिपका पेटला.

भोक.
घडी उलगडली तर खाली दुसरं,
जहाजाच्या शिडात.
त्याखाली कबुतराच्या पंखात.
त्याखाली कशातच नाही, नुसत्या कोऱ्या कागदात.
एका किड्याने चार घड्या सरळ पार केल्या होत्या,
वर-खाली, उत्तर-दक्षिण काही न विचारता.

आपल्याकडे त्या किड्याला कसर म्हणतात.
आणि जे थोडक्यासाठी राहून जातं,
त्यालाही.

बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग शिडीवर बसूनच त्यांनी नकाशा
डोळ्यांसमोर आभाळाकडे धरला
आणि भोक सरकवत, श्वास रोखत,
त्यात एक तारा बसवला.
कुठला, ते नावेलने विचारलं.
"हलू नकोस," त्या म्हणाल्या, "हलेल."

हलला. पश्चिमेकडून वारा उठला होता.
नावेल शॉवर कॅप शोधू लागला.