पत्ता

पाळक वाचत होते जुनं एक पत्र,
कुण्या लांबच्या शहरातल्या पवित्र जनांना धाडलेलं.
नऊची उपासना आमची, मराठी. साडेदहाची कन्नड.
दाराशी चपला मात्र दोन्हींच्या सारख्याच, लाल मातीच्या.
मी नीट ऐकत नव्हतो.
एकतीस वर्षं खानापुरात टपाल वाटलं,
पत्र म्हटलं की मला आधी पत्ता दिसतो.

नाव नाही. गल्ली नाही.
नुसतं गाव, आणि त्यातले पवित्र जन.

असं पाकीट माझ्या थैलीत आलं असतं तर?

पाटीला डांबर फासलेल्या गावांत मी पत्रं पोचवलीत,
कन्नडात लिहिलेली मराठी नावं, मराठीत लिहिलेली कन्नड आडनावं.
‘विहिरीजवळ, बोकड पाळतात ते’ एवढ्यावर
मनीऑर्डर दिलीय, अंगठा घेऊन.
एकही पत्र कंटाळ्यानं परत धाडलं नाही.
हे थोडं खोटं आहे.
नंदगडच्या चढावरची दोन-तीन.

मग सायकल काढून आधी गेलो असतो
एलिशा सरांच्या फाटकाशी,
तिथं प्रभूच्या तसबिरीवर दिवसासुद्धा दिवा जळतो.
सरांनी पत्ता वाचला असता, चष्मा पुसला असता,
आणि सहीसाठी पेन मागितलं असतं, लगेच.
त्या लगेचमुळंच
मी पाकीट पुन्हा थैलीत टाकलं असतं.

कौलांच्या भट्टीमागं सालोमीबाई राहायची.
तोंडाची फटकळ. सुनेशी अबोला, सात नाताळ.
स्तोत्रात सूर सोडून वर जायची आणि तिथंच थांबायची.
तिची रोजी कापणारा मुकादम बसाप्पा
क्षयानं खाटेला खिळला,
घरचे ताट उंबऱ्यावर सारून मागं व्हायचे,
तेव्हा भट्टीवरून सुटून ही तिकडं जायची.
मी पाहिलंय. पोस्टकार्ड द्यायला गेलो होतो.
थुंकीचं भांडं राखेनं घासत होती
आणि शिव्या घालत होती, खऱ्या, मनापासूनच्या,
‘माझे अकरा रुपये खाल्लास मेल्या,
आता ही पेज तरी खा.’
तो कन्नडात काहीतरी पुटपुटला.
तिनं मराठीत झापलं
आणि त्याच्या डोक्याखालची उशी उलटी केली,
गार बाजू वर.

प्रार्थनेला उभा राहिलो की मी मोठे शब्द घेतो,
कृपा, पाचारण, पवित्रीकरण,
आणि मध्येच कुठंतरी
ती गार बाजू गालाला लागते.

तिच्यापुढं धरलं असतं मी पाकीट.
‘कुणाचं रे?’
तुमचंच दिसतंय.
‘वाच की पत्ता.’
वाचला असता.
‘खुळा काय तू? मी कोण ते सुनेला विचार जा.
बसाप्पाच्या बायकोला दे.
उंबऱ्यावर का होईना, रोज ताट ठेवलंय तिनं,
आणि रात्री दाराआड बसून रडलीय.’
तिनं आणखी कुणाचं नाव घेतलं असतं,
त्यानं आणखी कुणाचं,
आणि ते पाकीट अजून फिरत असतं
मलप्रभेच्या पुलावरून इकडं-तिकडं,
कडा मळलेल्या, डिंक सुटलेला,
आतला कागद कुणी न उघडलेला.

सालोमीबाईला जाऊन चार वर्षं झाली.
दफनाला सून आली होती, सगळ्यांच्या मागं उभी.
मूठभर माती घेतली तिनं
आणि बराच वेळ टाकलीच नाही.

आमेन म्हणाले सगळे. मी एक श्वास उशिरा.
बाहेर साडेदहाची माणसं ताटकळत होती,
आम्हाला नेहमीसारखा उशीर.
त्यांच्यात दानियल हुक्केरी होता.
पाटीच्या भांडणापासून आम्ही बोलत नाही.
तो माझ्याकडं बघत होता, बोलेल असं वाटावं इतकं.

मी खाली वाकून चपला शोधत राहिलो.
बराच वेळ.
पायातच होत्या.