सिंगल बेल

दहिवडी स्टँडात, कंट्रोल केबिनच्या मागं
अर्धा चहा पोटात गेला की सगळे विचारतात,
कंडक्टर, समुद्र कसा असतो तिकडचा?
मी म्हणतो, आधी गाडीचं ऐका.

गाडीला दार उजव्या अंगाला.
एकतीस वर्षं डाव्या दारात उभा राहिलेला माणूस मी,
चढतानाच चुकलो,
बंद पत्र्यापुढं पिशवी घेऊन थांबलो.
तिबिलिसी ते बातुमी, सहा तास,
आणि गाडीत कंडक्टरच नाही.
नाथा कोळेकर म्हणतो, मग तिकीट कोण फाडतं?
कोणीच नाही. घरनंच घेऊन जायचं.
संयोगितानं फोनवर धाडलं,
मी इथं बोराट्याच्या झेरॉक्समध्ये छापून घेतलं, दहा रुपयांत.
जन्मभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली,
स्वतःच्या नावाचं हे पहिलंच.
(पास होता ना. पासाला नाव असतं, भाडं नसतं.)

बसून जायची सवय नाही.
खिडकीशी बसलो तरी पाय वाटेतच,
हात सारखा खांद्यावरची चामडी पिशवी चाचपतोय,
जी दोन वर्षांपूर्वी डेपोत जमा केली.
शहर मागं पडायच्या आत
डोकी मोजून झाली होती.
त्रेचाळीस. वर दोन लेकरं मांडीवर, ती हाफ.
आमच्या घरात चार वर्षं
रात्री दाराला कडी घालताना
एक डोकं कमी भरतं.
ते असो.

मधे एका धाब्यावर थांबली.
ड्रायव्हरनं दोन्ही पंजे दाखवले, दहा मिनिटं.
भट्टीतला पाव, चीज, दोऱ्यात ओवलेले अक्रोड.
मग गाडी हलली. मी मोजलं. बेचाळीस.
पुन्हा मोजलं.
तांबड्या स्वेटरची म्हातारी.
सीटवर तिची काठी होती आणि ती नव्हती.

कुठल्या भाषेत ओरडू?
होती ती एक, ती पण घशात अडकली.
वर बघितलं तर दोरी नाही, घंटी नाही.
खिशातनं घराची किल्ली काढली
आणि दांड्यावर एकच ठोका दिला.
टण.

आईच्यान सांगतो,
जागच्या जागी थांबली गाडी.
ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मी मागं बोट केलं.
म्हातारी पळत येत होती, हातात गरम पाव,
तोंडानं ड्रायव्हरच्या सात पिढ्या. भाषा येत नसली तरी
पिढ्या मोजता येतात.
ती बसली. काठी मांडीवर घेतली.
मी दार बघितलं, पायरी बघितली,
टण टण.
गाडी निघाली.
आरशातला माणूस हसला नाही, नुसती मान हलवली,
म्हसवड मुक्कामीला आपला बापू हलवायचा तशी.

पण समुद्राचं सांगा की!

होता की समुद्र.
नाव काळा, रंग राखुंडीचा.
वरनं पाऊस पडत होता
अन् कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं.
मी चूळ भरून बघितली.
खारट. पण आमच्या गल्लीतल्या बोअरएवढं नाही.
अप्पा, थुंका आधी, लोक बघतायत, म्हणाली पोरगी.
वाळली होती. केस कापले होते, मला न विचारता.
तिच्या खोलीला कडी नव्हती, नुसतं बटण,
तरी चार रात्री ते दाबायच्या आधी मी मोजलं.
दोन. बरोबर.

मग परतीची गाडी.
ती खाली, छत्री धरून,
मी आत, काचेला टेकून.
डोकी मोजलीच नाहीत त्या दिवशी.
किल्ली हातात होती.
एक ठोका दिला असता तर थांबली असती,
एवढं तर आता ठाऊक झालं होतं.
द्यायचे होते दोन.
हात उठला नाही.
गाडी तशीच निघाली, बेलशिवाय.

आटपाडी लागली तीन नंबरला.
नाथा उठतो, कप ठेवतो,
आणि तिकीट किती पडलं म्हणालात?
मी सुट्टे शोधत राहतो, चहाचे.