सिंकच्या जागेचा तुकडा

एकोणीस वर्षांपूर्वी क्लोडेतच्या ओट्यात
सिंकसाठी चौकोन कापला होता मी.
निघालेला तुकडा टाकवेना,
बॉयलरमागे उभा करून ठेवला:
पांढरा सनमायका, त्यावर सोनेरी ठिपके,
तेव्हा ते झकास दिसायचं.
दर वसंतात तळघर झाडताना ती विचारायची,
'हे भोक अजून किती वर्षं सांभाळायचंय?'
भोक वर आहे, मी म्हणायचो,
हे त्याच्या पोटातलं.

मॅडावास्कात आज उणे सव्वीस.
नदी अशी गोठलीय की पलीकडचा कॅनडा
बुटांसकट घरात येईल.
कागदगिरणीची वाफ
उलट्या ओळंब्यासारखी सरळ वर.
अशा थंडीत गॅरेजात सरस धरत नाही,
म्हणून बाटली स्वयंपाकघरात, शेगडीजवळ;
परवा बकव्हीटच्या घावनांवर
पाक समजून तीच ओतणार होतो.

गिरणीतून सुटलो त्याला दीड वर्ष झालं.
एकतीस वर्षं माझ्या हाताखालून कागद धावला,
मैलच्या मैल,
थांबवून बघावा असा एक ताव आठवत नाही.
आता हा दोन बाय अडीच फुटांचा तुकडा.
पालथा घातला, कर्ण आखले,
जिथे भेटले तिथे टिंब दिलं
आणि टिंबाकडे बघत अख्खी कॉफी संपवली.
भोकातून आलेल्याला पुन्हा भोक पाडायचं
म्हणजे हात जरा जड होतो.

शेजारचा वेंडेल स्ट्राउट आला, बूट न झटकता.
भोकाच्या कडेने खाच मारून
दोघांनी ॲल्युमिनियमची प्लेट आत बसवली.
अर्धं सूत खाली गेली.
वेंडेलने गुण्या आडवा टेकवून पलीकडून बॅटरी धरली:
उजेडाची फट, केसाएवढी,
पण आमच्या वयाला तेवढी पुरते
रात्रभर जागं ठेवायला.
'पत्ते आहेत का घरात?' त्याने विचारलं.
चार कोपऱ्यांखाली चार पत्ते गेले:
किलवरची दुर्री, चौकटचा गुलाम, इस्पिक सत्ती
आणि बदामची राणी.
राणीवर कधीतरी जॅम सांडलेला, म्हणून ती जाड,
आणि नेमका तोच कोपरा सर्वांत खोल.

मग राउटर उलटा टांगला.
जन्मभर वरून खाली दाबलेलं यंत्र,
आता डोकं खाली, पातं आभाळाकडे,
आणि आम्हा दोघांचा जीव टांगणीला.
बटण दाबलं.
छपरावरचा बर्फ धाडकन खाली आला.

क्लोडेत आली ती पत्ते मागायला.
गुरुवारी तिच्याकडे क्रिबेजचा डाव बसतो,
आणि डब्यात अठ्ठेचाळीसच.
ती काय बोलली ते यंत्राने खाल्लं.
मी मेपलची फळी तिच्या हातात दिली, ओरडलो,
'उजवीकडून डावीकडे! पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध,
नाहीतर हिसकून नेईल!'
तिने माझ्याकडे पाहिलं,
बावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात
सुईखाली चामडं सरकवलेल्या बाईने पाहावं तसं.
फळी तिच्या हाताखालून आपल्या चालीने गेली.
कंगोरा निघाला
लोण्यात बोट फिरवल्यासारखा.
माझ्या तीन फळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या,
प्रत्येकीवर एक करपलेला डाग,
जिथे मी थबकलो होतो.
वेंडेलने त्या पायाने आणखी मागे सारल्या,
मित्र असावा तर असा.

रात्री राउटर सोडवून खाली ठेवला.
वजन टांगतं राहिलं की फळी मधोमध पोट सोडते,
असं वेंडेल म्हणतो,
स्वतःच्या पोटावर हात ठेवून.

मधून निघालेला पाटीएवढा तुकडा
भुशात पडला होता.
क्लोडेतने तो एप्रनला पुसला, वर नेला.
सकाळी पाहतो तर सिंकच्या शेजारी,
आपल्याच ओट्यावर, उकळत्या कॉफीच्या भांड्याखाली.
रंग जुळत नाही.
ओटा पिवळा पडलाय, ठिपके घासून गेलेत,
हा तळघरात राहून कोराच.

गुरुवार परवा आहे.
पत्त्यांचं तिने पुन्हा काढलेलं नाही.