मेलेला दुवा

या गावाचं नावसुद्धा लिहितात एक
आणि म्हणतात कीथली.
पहिल्याच आठवड्यात बस-ड्रायव्हरनं मला सुधारलं,
संदर्भ न देता.

गुरुवारी ग्रंथालय सातपर्यंत उघडं.
वरच्या मजल्यावर हीटरशेजारचं टेबल
आता माझंच झाल्यासारखं.
ग्लेनिस हेपवर्थ मायक्रोफिल्मचं रीळ आणून ठेवते,
"पुन्हा तुमची गिरणी?"
पुन्हा माझी गिरणी.

लो बेंट मिल. बॉयलर फुटला
अठराशे एक्याण्णवच्या फेब्रुवारीत.
विश्वकोशातल्या लेखात त्याला पाच ओळी.
"सात जण ठार झाले",
आणि वाक्याच्या खांद्यावर बारीक निळा तीन.
तिनावर बोट ठेवलं की उघडायचं
कुणा हौशी माणसाचं संकेतस्थळ.
तो माणूस गेला, भाडं थकलं,
आता त्या पत्त्यावर गाद्या विकतात.
अशा वेळी "दुवा मेला आहे" असं लिहून ठेवायची पद्धत आहे.
मी लिहिलं, तारीख घातली.
आमच्याकडे दुवा देतात, घेतात, लागतो सुद्धा.
मरतो, हे इथं कळलं.

रीळ फिरतं. मेंढ्यांचे भाव,
पोट साफ करणाऱ्या गोळ्या, हरवलेला कुत्रा,
आणि शनिवारच्या अंकात, तिसऱ्या रकान्यात, नावं.
बोटांवर मोजली. सात.
त्याखाली आणखी बारीक टायपात:
"याशिवाय अर्धवेळची एक पोर, भाजलेली."
याशिवाय.

दफनाच्या नोंदवहीत ती सापडली.
झिला फेदर, वय अकरा.
सकाळी गिरणी, दुपारी शाळा.
स्फोटानंतर नऊ दिवस तग धरला तिनं,
तोवर छापखान्यातले खिळे सुटून
दुसऱ्या बातमीला लागले होते.

मी साताचे आठ केले.
रात्री साडेदहाला 'कालव्यावरचा बगळा' नावाच्या संपादकानं
आठाचे पुन्हा सात केले.
लिहिलं होतं अदबीनं:
नोंदवही तुम्ही वाचलीत, सांधा तुम्ही जोडलात.
इथं आपण शोध लावत नाही,
दुसऱ्यानं छापलेलं सांगतो.
राग आला. मग पटलं.
पटलं, याचा जास्त राग आला.

कारण मी परभणीकडचा.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून.
वर्गातल्या एकवीस पोरांची एक जून.
गुरुजींनी उंची बघून वर्षं वाटली.
आई म्हणायची, तू झालास तेव्हा
ज्वारी खळ्यात पडली होती.
ज्वारीला पान क्रमांक नसतो.
पासपोर्टवर, पेन्शनवर, इथल्या दवाखान्याच्या फायलीत
एक जूनच,
खोटी, आणि पुराव्यानिशी शाबूत.
नर्स दरवर्षी हॅपी बर्थडे म्हणते.
मी थँक्यू म्हणतो.

एप्रिलमध्ये ग्लेनिसनं सगळ्यात खालच्या खणातून काढली
एक चोपडी. बत्तीस पानं, दोन पिना, दोन्ही गंजलेल्या.
विल्फ्रेड ग्रीनवुड, निवृत्त शाळामास्तर, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
चर्चच्या छपराच्या निधीसाठी. किंमत पंधरा पेन्स.
पान चौदा:
तीच नोंदवही, तोच सांधा,
माझ्या आधी पन्नास वर्षं जोडलेला.
आणि मास्तराच्याच नजरेला पडावी अशी एक ओळ,
की हजेरीपटावर झिलापुढं
मार्चअखेरपर्यंत नुसतं "गैरहजर" लिहिलंय,
रोज, नेटक्या अक्षरात.

मी भरत गेलो. आडनाव, नाव, साल, शीर्षक, पान.
आठ.
आठाच्या खांद्यावर नवा निळा आकडा.
सकाळी पाहिलं तर बगळ्यानं
एक स्वल्पविराम हलवला होता, बाकी काही नाही.

पुढच्या गुरुवारी ग्लेनिसला विचारलं,
या चोपडीच्या आणखी प्रती कुठं असतील?
तिनं चष्मा वर सरकवला,
खण पुन्हा एकदा उघडून पाहिला.
एवढीच, म्हणाली,
आणि दिवे मालवायला निघाली
जिन्याकडून.