कुंपण : लाकडी

आन्स-ओ-फोक गावात
घराबाहेर गरम पाण्यात बसायचं तर
आधी माझ्याकडे यावं लागतं.
पालिकेत मी एकटाच निरीक्षक.
कुत्र्यांचे बिल्ले, धुरांड्यांची तपासणी,
कुणी कुणाच्या दारात बर्फ ढकलला याची भांडणं,
सगळं माझ्याच टेबलावर.

अल्देआ मालेत ऑक्टोबरात फॉर्म घेऊन आली.
'टब कशासाठी' असा रकाना फॉर्मवर नाही,
तरी तिने समासात लिहिलं होतं :
नवऱ्याचे खांदे.
बेचाळीस वर्षं शेवंडांचे पिंजरे ओढून
ओनेझिमचा हात आता
टोपीपर्यंतसुद्धा जात नाही.

मी नियम वाचून दाखवले.
मला ते पाठ आहेत, तरी कागद समोर धरतो,
म्हणजे दोष कागदाचा राहतो.
शेजाऱ्याच्या हद्दीपासून दीड मीटर.
मैल्याच्या टाकीपासून तीन.
वीज तोडायचा खटका टबातून दिसेल असा,
पण टबातून हात पोचणार नाही इतका लांब.
झाकणाला कुलूप.
रात्री अकरानंतर पंपाचा आवाज नको.
पाणी बदलाल तेव्हा ते समुद्राच्या नाल्यात नको,
फिर्मिनच्या बटाट्यांत तर नकोच नको.
आणि भोवती दीड मीटर उंच कुंपण,
बाहेरून पाय रोवायला खाच नसलेलं.

"आमच्या घरात मूल नाही," ती म्हणाली.
"गावात आहेत," मी म्हटलं.
यावर तिने हातमोजे घातले,
एकेक बोट नीट बसवत, बराच वेळ.

परसात टेप टाकला.
इकडे टाकी, तिकडे हद्द, मध्ये कपड्यांची तार.
नियमांत बसणारी एकच जागा निघाली
आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं.
मी कलम चारवर बोट ठेवलं.
ओनेझिमने खिडकीतून बोट दाखवलं.
तिथे बोट होती.
पालथी, दोन घोड्यांवर, ताडपत्रीखाली,
सहा हिवाळे.
"हलवा" म्हणायचा मला अधिकार आहे.
मी टेप गुंडाळत राहिलो,
तो गुंडाळून झाला तरी.

नोव्हेंबरात फोन आला : या, कुंपण झालं.
मला ठाऊक होतं, लाकडाचा भाव विचारून
अल्देआ दुकानातून तशीच परतली होती.
गेलो.
एका बाजूला घराची भिंत, दुसरीला कोठार,
तिसरीला आपोआप मिटणारं नवं फाटक,
आणि चौथीला, फिर्मिनच्या बटाट्यांकडे पाठ करून,
कुशीवर निजवलेली बोट,
कणा काँक्रीटमध्ये रोवून.

मी नियमाने वागणारा माणूस आहे.
बाहेरून हात फिरवला :
डांबर लावलेलं गुळगुळीत पोट, खाच एकही नाही.
आतून मात्र फासळ्या उघड्या,
एकीवर टॉवेल, एकीवर टोपी.
उंची मोजली : एक मीटर बावन्न.
पुन्हा मोजली.
तेवढीच होती.
"अर्धी तर वाळूत झिजली," ओनेझिम म्हणाला,
"नाहीतर आणखी भरली असती."

कुंपण कशाचं असावं, कायदा सांगत नाही.
रकाना आहे फक्त : 'प्रकार'.
मी लिहिलं : लाकडी.

उष्णता चाळीस अंशांच्या वर नको.
थर्मामीटर गाडीत राहिला होता.
म्हणून पाण्यात बोट बुडवलं,
माझं, त्याची नाही.
भुरभुर बर्फ पडत होता,
वाफेत शिरून नाहीसा होत होता.
काढायला हवं होतं त्यापेक्षा
जरा उशिराच काढलं.

"बसता का पाच मिनिटं?" अल्देआने विचारलं.
अर्जदाराकडून काही घ्यायची मला मनाई आहे.
तसं सांगितलं.
झाकणाचं कुलूप अजून आलेलं नव्हतं.
सोमवारपर्यंत मुदत दिली.