मोहाखाली

रविवारी सात वाजता
पत्र्याच्या प्रार्थनाघरात कोणी नव्हतं.
पुलपीटपाशी एक कोंबडी,
आणि भिंतीला टेकलेल्या चटयांच्या गुंडाळ्या.
मी घंटा वाजवली. रुळाचा तुकडा तो,
जांभळीला टांगलेला.
दोनदा वाजवली.
तिसऱ्यांदा जरा रागानं.

नवापूरहून बावीस किलोमीटर
फटफटीवर आलो होतो,
खिशात चार पानं घेऊन: नम्रतेविषयी.
अक्षर सुरेख आलं होतं.
रात्री बायकोला वाचून दाखवलं,
ती झोपल्यावरही थोडं वाचलं.

येफ्ता नावाचं पोर सांगत आलं,
समदे मोहाखाली गेलेत.

तीन वर्षांमागे इथंच उभा राहून
मी त्या झाडावर बोललो होतो.
नावातच आहे बघा, म्हणालो होतो,
नावातच सापळा आहे.
ती कोटी मला फार आवडली होती.
दोघा-तिघांनी माना हलवल्या.
झाड मागच्या खिडकीतून दिसत होतं.
त्यानं काही मनावर घेतलं नाही.

उतारावरून गेलो. बूट नवे, निसरडे.
ऊन अजून रंगावलीच्या पलीकडे.
पाचोळा जाळून झाडाखालची भुई काळी केलेली,
आणि त्या काळ्यावर
पिवळट, पाणीदार, बोटाच्या पेराएवढी
फुलं.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप् टप्.

माझी सगळी मंडळी ओणवी.
चेहरे नाहीत, नुसत्या पाठी.
त्या रानात ताठ असे आम्ही दोघंच,
मी आणि झाड,
आणि झाड तरी काही देत होतं.

इमलीबाई गावित मान वर न करता म्हणाली,
"पहिले येचा मास्तर, मंग बोला."

गुडघा कुरकुरला. वाकलो.
खाली गेल्यावर दिसतं
ते उभ्यानं दिसत नाही:
फुलाच्या पोकळीत शिरलेली मुंगी,
वटवाघळानं रात्री चोखून टाकलेला चोथा,
शेळीच्या खुराचा ठसा, त्यात मावेल एवढं दव.
आमच्या आधी किती जण जेवून गेले होते,
एकाचंही नाव
कुठल्या मंडळीच्या वहीत नव्हतं.

मग ती जुनी सकाळ आठवली,
दवाबरोबर रानात उतरलेलं अन्न,
आणि लोक एकमेकांना विचारताहेत, हे काय?
तोच प्रश्न पुढं त्या अन्नाचं नाव झाला.
इतकी वर्षं पोरांना शिकवलं,
पण कधी मनात आलं नाही
की त्याला ते फांदीला लावता आलं असतं,
हाताच्या उंचीवर, उभ्यानं तोडायला.
त्यानं ते भुईवर ठेवलं.
राजा असता तरी त्याला
इथवर यावं लागलं असतं,
नाकात राखेचा वास घेत.

"इमलीबाई, मी त्या दिवशी या झाडाला..."
"मना दादला गया दारूमा," ती म्हणाली.
"झाडना काय दोस?"
आणि स्वतःची टोपली माझ्याकडं सरकवली,
कारण माझ्या रुमालात आता मावत नव्हतं.

उपासना दहाला झाली, तिथंच.
पानं काढली तर ओली, चिकट.
वाकताना फुलं खिशात गेली असावीत,
किंवा येफ्तानं टाकली.
शाई पसरलेली. मथळा तेवढा गेला होता,
बाकी सगळं वाचता येत होतं.

नाही वाचलं.
डोळे मिटले, टोपी काढली,
शब्द शोधत राहिलो आणि मिळाला तो एवढाच:
हे काय, प्रभू?
मंडळीला वाटलं प्रार्थना अजून व्हायची आहे.
सगळे थांबून राहिले.

उशिराचं एक फूल पडलं.
इमलीबाईनं डोळे मिटलेलेच ठेवून
आवाजाच्या दिशेनं हात लांबवला.