वॉटर फिल्टर, नग दोन

मी कुलरच्या ताट्या भरते,
टिमकीत, बावणेंच्या टिनाच्या शेडमध्ये.
एका ताटीचे चार रुपये.
गवत नखांत रुततं, रात्री कणकेत कुसळ निघतं.
उन्नती ते ताटाच्या काठावर ठेवते,
काही म्हणत नाही.

तिच्या वर्गात पंखा आहे. पाती तीन.
फिरत नाहीत म्हणून वरच्या वाटीत चिमणीनं घरटं केलं.
हेडाऊ सर म्हणाले,
चला, कोणाची तरी पटसंख्या वाढून राहिली.

आमची अठ्ठावीस.
झोन ऑफिसातून कागद आला : समायोजन.
शब्द ऐकून वाटलं काही चांगलंच असेल,
लग्नपत्रिकेत शोभेल असा.
उन्नतीनं अर्थ सांगितला.
शाळा बंद. आपण सगळे रेल्वे फाटकापलीकडे.

भाऊंकडे गेले.
चौकातल्या बॅनरवर ते भावी आहेत, पाटीवर माजी.
मधलं सध्याचं काय ते
कोणालाच माहीत नाही.
ऑफिसात दोन कुलर. वाकून ताटी पाहिली.
मी डावरी, माझी गाठ उलटी बसते.
गाठ माझीच होती.

ते म्हणाले, ताई, पोरगी हुशार आहे,
आरटीईत बसवून देतो, इंग्लिश मीडियम,
उद्या फक्त फॉर्म घेऊन ये.
थंड हवा येऊन राहिली होती अंगावर.
खोटं कशाला बोलू,
मी दोन मिनिटं गप्प होते.
दोन मिनिटांत टाय दिसला, पिवळी बस दिसली,
बसच्या खिडकीत तिची वेणी दिसली.
मग विचारलं, आणि बाकीचे सत्तावीस?
भाऊ मोबाइल पाहू लागले.

दहा रुपयांचं तिकीट, एक कोरा कागद.
मी लिहिलं, माहीती मिळावी.
हि ऱ्हस्व, आई, उन्नती म्हणाली,
चूक दिसली तर ते तेवढीच वाचतील.

एक्केचाळीसाव्या दिवशी अकरा पानं आली.
सातव्या पानावर, खालून तिसरी ओळ :
वॉटर फिल्टर, नग दोन, बसविण्यात आले.
मी ते बोट ठेवून वाचलं.
पुन्हा वाचलं.
शाळेत एक माठ आहे,
तोही खिचडीवाल्या सुभद्राबाईनं घरून आणलेला.

झेरॉक्सवाल्या पोट्ट्यानं साठ प्रती काढल्या, म्हणाला, पैसे राहू द्या.
मी सातवं पान घेऊन दारोदार फिरले.
परातेंच्या घरी हातमागाची जागा आता फ्रीजनं घेतली आहे,
म्हातारा म्हणाला, मी त्याच शाळेतला, चौथी नापास,
पण दोन आणि शून्य यातला फरक मला समजते.
कौसरनं तिची दोन्ही पोरं प्रायव्हेटमधून काढून आणली.
फी थकली होती, हेही खरं.
काही दारं उघडली नाहीत. एकीनं विचारलं,
तुले काय मिळते बे यात?
उत्तर सुचलं ते जिना उतरल्यावर.

मंगळवारी आम्ही एकोणीस बाया झोन ऑफिसात गेलो.
माठ साहेबांच्या टेबलावर ठेवला,
फायली ओल्या झाल्या थोड्या.
म्हटलं, हा नग एक.
दुसरा तुम्ही दाखवा.

समायोजन स्थगित.
रद्द नाही, स्थगित. हाही शब्द आता ओळखते.
पट चौतीस.
फिल्टर कुठे गेले याची चौकशी चालू आहे म्हणतात,
कुठे चालू आहे ते सांगत नाहीत.

बावणे म्हणतात, येत्या इलेक्शनला उभी राहून जा.
म्हटलं, दीड वर्षापासून
काउंटरसमोर उभीच तर आहे.
ते हसले. मी हसले नाही, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

काल पंख्यासाठी वायरमन आला, शिडी लावली,
घरट्याला हात घालणार तर सगळा वर्ग ओरडला.
पिल्लं उडाल्यावर या.
तो म्हणाला, मग मी कधी येईन काही खरं नाही.
उन्नतीनं वही पुढे केली :
नाव लिहा काका. तारीख टाका.
खाली सही.